राखणीचा सॅक्सोफोन

सॅक्सोफोन वाजवून कुणी भात राखलेला ऐकलाय? आमच्या सदाकाकाने राखला. उमेदीची सगळी वर्षं तो मुंबईच्या एका बड्या हॉटेलात जॅझ वाजवायचा. पुढे तिथे टेप लावायला लागले, बँड बंद झाला आणि काका पोशीरला परत आला. बाबांनी त्याला शेतावर बसवलं. पाखरं उतरली की तो जोरात फुंकायचा, थवा भुर्र.

एकदा मात्र त्याने डोळे मिटून काहीतरी संथ, काळजाला हात घालणारं धरलं. पाखरं लोंब्यांवर बसून निवांत दाणे टिपत राहिली.

बाबा बांधावरून ओरडले, "सदा, काय वाजवतोस रं? एक पाखरू उठत नाय!"

काकाने डोळे उघडले, शेताकडे बघितलं.

"हाटेलातबी असंच व्हतं, दादा. मी जीव ओतून वाजवायचो आन् समोरची माणसं मान खाली घालून खात बसायची."