वहिनीचा ळ

आमच्या वहिनीसारखी जिद्दी बाई मी दुसरी बघितली नाही. नव्वद-ब्याण्णवची गोष्ट. वहिनी कानपूरची. लग्न होऊन कोऱ्हाळ्याला आली आणि मराठी भराभर शिकली, पण ळ काही तिला येईना. तिच्या हिंदीत तो नाहीच. गावाचं नावसुद्धा ती 'कोऱ्हाले' म्हणायची.

तिला मुलगा झाला. आमचे तात्या, म्हणजे वडील, नुकतेच वारले होते. त्यांचं नाव गोपाळ. तेच ठेवावं असं दादाच्या मनात होतं.

आई म्हणाली, "सूनबाई, तुला म्हणता येईल असं ठिवू. गोपाळ तुला जमायचं न्हाय."

"नाव तात्यांचंच," वहिनी म्हणाली. "जीभ मी वलवीन!"

सगळे हसले. ती हसली नाही. शेजारी साखर कारखान्यातल्या इंजिनिअरची ओडिया बायको राहायची, ती ळ सहज म्हणायची. वहिनीनं तिलाच गाठलं.

"आमच्या ओडियात आहे ना हा," ती बाई म्हणाली. "जिभेचं टोक मागं वळवून टाळूला लावा आणि सोडा."

भाकरी थापताना, पाळणा हलवताना वहिनीचं तेच चालायचं. जीभ दुखायची. एका सकाळी पाळण्यापाशी स्वच्छ "गोपाळ" ऐकू आलं आणि आईनं डोळ्यांना पदर लावला.

दिवाळीला वहिनीची आई आली. नातवाला उचलून म्हणाली, "आ जा, मेरे गोपाल!"

"अम्मा, गोपाल नहीं, गोपाळ."

"गोपाड," अम्मा म्हणाली.

आईला दया आली. "असू दे गं. आजीनं कशीबी हाक मारली तरी चालतंय."

"नाही आई," वहिनी म्हणाली. "अम्मा महिनाभर इथंच आहे."