डॅशबोर्डवरच्या मुगवड्या

आमच्या पिपरीच्या घरी सासऱ्यांची जुनी अँबेसेडर आहे आणि तिला हात लावायची परवानगी फक्त सासऱ्यांना आहे. हे आधी सांगते, म्हणजे आमच्या ह्यांचं धाडस कळेल.

उन्हानं तिच्या डॅशबोर्डच्या रेक्झिनला मधोमध तडा गेला होता. बाबा आंजी गावच्या शेतावर गेलेले पाहून ह्यांनी त्यात काळा फिलर भरला. भरल्यावर लक्षात आलं, की रेक्झिनवर कापडासारखी बारीक वीण आहे आणि भरलेली जागा मात्र गुळगुळीत.

"बाबाले दिसलं तर जल्मात चावी हाती देत नाई मले!" म्हणत हे गाडी उन्हात उभी करून गावात कुणाला तरी विचारायला गेले. परत येऊन पाहतात तर डॅशबोर्डवर जुनं धोतर पसरलेलं आणि त्यावर ओल्या मुगवड्या.

"काऊन वो आई? गाडीत?"

"गच्चीवर माकडं येऊन राह्यले. इथं काचा बंद हाय, अन् ऊनबी कडक."

ह्यांनी जीव मुठीत धरून धोतर उचललं. फिलर अजून मऊच होता, त्यावर धोतराची वीण जशीच्या तशी उमटली होती. तडा कुठे होता, ते मलाही सापडेना.

संध्याकाळी बाबांनी डॅशबोर्डवरून हात फिरवला. मग पुन्हा फिरवला.

"तडा कुठं गेला बे? कोन्या कारागिराचं काम हाय हे?"

हे छाती काढून पुढे झाले. तेवढ्यात दारातून आई म्हणाल्या, "मागची सीटबी फाटली हाय ना? उद्या तिच्यावर कुरड्या टाकतो."