माघार तीन वाजेपर्यंत

(कामोठे. दुसऱ्या मजल्यावरची खोली, मधोमध शिलाई मशीन. आमदारकीच्या पोटनिवडणुकीत अर्ज मागे घेण्याचा शेवटचा दिवस. दुपारचे दोन, मुदत तीनपर्यंत.)

हौसेराव : ...म्हनून म्हंतो ताई, हितं खाली सही करा. गाडी उभी हाय. पंधरा मिन्टात हापिसात पोचतो. तुमचा अर्ज मागं, वहिनीसाहेब बिनविरोध आमदार, इषय संपला.

करिमुन्निसा : विषय तुमचा संपला. माझा ब्लाउज अजून अर्धा आहे. जरा सरका, अस्तरावर बसलात तुमी.

हौसेराव : आवं, आबासाहेब गेले. आमदार असताना गेले. आपल्याकडं रीत हाय, गेलेल्याची बायकू न्हायतर घरातलं कुनी उभं राह्यलं की समोर कुनी उभं ऱ्हात न्हाई. मोठमोठे पक्ष गुमान बसले. सात अपक्ष बसवले मी. आबासाहेबांच्याच सख्ख्या पुतन्यानं, राजवर्धननं अर्ज भरलावता, त्यालाबी काल मागं घ्यायला लावला. राह्यला फकस्त तुमी. आबासाहेबांना श्रद्धांजली म्हनून तरी...

करिमुन्निसा : श्रद्धांजली मी वाहिली ना. शोकसभेला दुसऱ्या रांगेत होते. दोन मिनिटं शांत उभं राहायचं होतं, त्याच्याआधी दीड तास भाषणं.

हौसेराव : त्यात मीबी बोललो.

करिमुन्निसा : तुमीच चाळीस मिनिटं बोललात. मधे रडलात तेव्हा माइक गेला, मग माइक आल्यावर परत पहिल्यापासून रडलात.

हौसेराव : मागच्यांना ऐकू गेलं नव्हतं. आन् ते रडनं खरं होतं बरं का. मार्केटात पाठीवर गोनी घेत होतो तवापास्नं मी त्यांच्यासंगं.

करिमुन्निसा : नाही कोण म्हणतंय? पण मला सांगा, पाइपचं काय?

हौसेराव : कसला पाइप?

करिमुन्निसा : खिडकीतून बघा. बघा ना. तो जेसीबी दिसतो?

हौसेराव : दिसतोय की.

करिमुन्निसा : आमच्या बिल्डिंगला पाणी एक दिवसाआड, वीस मिनिटं. सात वर्षं आबासाहेबांना अर्ज देते मी. एक फाइल भरली, दुसरी घेतली. काही नाही. आबासाहेब गेले, जागा रिकामी झाली, आणि तेराव्याच्या आधी जेसीबी दारात. माणूस असताना जे सात वर्षांत झालं नाही, ते गेल्यावर आठ दिवसांत. वाईट वाटतं बोलायला, पण हे आधी माहीत असतं ना, तर...

हौसेराव : ताई.

करिमुन्निसा : बोलले नाही मी पुढं.

हौसेराव : आवं, पन काम सुरू झालंय न्हवं? आचारसंहितेच्या आदी नारळ फुटलाय. थांबत न्हाई आता.

करिमुन्निसा : मतदान आहे तोवर थांबत नाही. पाइप कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत आलाय. तिथून आमची टाकी चौदा मीटर. मी स्वतः मोजलं, ही ब्लाउजची टेप घेऊन, वाकून वाकून. ठेकेदार म्हणतो, मॅडम, आठ दिवस लागतील. आज तुमी बिनविरोध केलात तर संध्याकाळी तो जेसीबी घेऊन दुसरीकडं जाणार, जिथं पुढचा आमदार आजारी असेल तिथं. म्हणून उभी राहिले मी. निवडून यायला नाही. चौदा मीटरसाठी.

हौसेराव : म्हंजे तुमाला पडायचं हाय?

करिमुन्निसा : आरामात. प्रचारसुद्धा करणार नाही. फक्त मतदान होऊ द्या.

हौसेराव : चौदा मीटरसाठी समद्या मतदारसंघाला रांगेत उभं करनार तुमी?

करिमुन्निसा : आमी सात वर्षं हंडे घेऊन उभे आहोत. त्यांना एक दिवस काय होतंय?

हौसेराव : बघा, मी शब्द देतो. हौसेरावचा शब्द. पाइप तुमच्या टाकीपत्तुर आनतो.

करिमुन्निसा : तुमचा शब्द पहिल्या फाइलीत आहे. तारखेसकट.

हौसेराव : ...थांबा, फोन हाय. आमचा वकील, विश्वजित, आत्ताच तिकडं हापिसात पोचलाय. बोला वकील. ...हां, एकच उमेदवार राह्यला पायजे, त्याच्याच मागं हाय मी. ...राह्यलाय? एकच राह्यलाय? मग पेढे सांगा की. ...ह्या? ह्या कशा राह्यतील, ह्या तर माझ्यापुढं मशिनीवर बसल्यात, यांची सही व्हायची हाय अजून. ...आन् वहिनीसाहेब? ...कवा? ...कुनी दिला? ...स्वतः?

करिमुन्निसा : काय झालं? बसा. बसा आधी. बसा अस्तरावर, चालेल.

हौसेराव : वहिनीसाहेबांनी अर्ज मागं घेतला.

प्रेमला : साडेअकराला. येऊ का आत? दार उघडंच होतं.

हौसेराव : वहिनीसाहेब! तुमाला गाडीत बसा म्हनलं होतं.

प्रेमला : बसले की तासभर. एसी बंद करून गेलात तुम्ही.

करिमुन्निसा : या वहिनी, खुर्ची घ्या. जिना चढून आलात, घाम आला.

हौसेराव : साडेअकराला मी सानपाड्याला त्या अपक्षाच्या पाया पडत होतो. आन् तुमी...

प्रेमला : तुम्ही तिकडं होतात म्हणूनच गेले. ड्रायव्हरला म्हणाले, हापिसात सोड. त्याला वाटलं, पाया पडायला चालल्या.

हौसेराव : पन का? तिकीट घरात, समोर कुनी न्हाई, नुसतं बसायचं होतं तुमी.

प्रेमला : तेच. सकाळी पक्षाचा फोटोवाला आला. म्हणाला, मॅडम, डोळ्यांत थोडं पाणी येऊ द्या, बॅनरला चांगलं दिसतं. मी म्हटलं, येत नाही. त्यानं ग्लिसरीन काढलं. नवरा जाऊन महिना झाला हौसेराव, मी रोज उठून रडते, आणि तो मला बाटली दाखवतोय.

हौसेराव : त्याला मी बघतो. आवं वकील, हायत का लाइनीवर? वहिनींचा अर्ज पुन्हा आत घेता येतोय का बघा. ...न्हाई? कायद्यातच न्हाई?

करिमुन्निसा : मला समजलं नाही. मग आता उरलं कोण?

प्रेमला : तुम्ही.

करिमुन्निसा : मी एकटी?

प्रेमला : तीन वाजता तुम्ही आमदार.

करिमुन्निसा : पण मला पडायचं होतं.

हौसेराव : ताई, आयका. आता तर सही कराच. तुमीबी मागं घ्या. कुनीच उरलं न्हाई तर निवडनूक पुन्हा पहिल्यापास्नं. पक्ष नवा मानूस देतोय. मधल्या काळात जागा रिकामी. आन् जागा रिकामी म्हंजे जेसीबी हितंच.

करिमुन्निसा : किती दिवस?

हौसेराव : दोन म्हैनं कुठं गेलं न्हाईत. पाइप टाकीपत्तुर येतोय, वर टाकी रंगवून मिळंल.

करिमुन्निसा : आणि मी आमदार झाले तर?

हौसेराव : तर कोन इचारतंय तुमाला? अपक्ष, एकटी बाई, ना मागं ना फुडं. ठेकेदार पळाला. चौदा मीटर तसंच. आन् खालच्या समद्या बाया तुमच्या नावानं बोटं मोडनार. आमदार होऊन काय मिळतं? शिव्या. रिकामी जागा बरी.

करिमुन्निसा : हे खरं बोललात. आज पहिल्यांदा. पेन द्या.

प्रेमला : थांबा. एक सांगायचंय, मग करा सही. मी काही बोलणार नाही.

हौसेराव : वहिनीसाहेब, अडीच वाजून गेले.

प्रेमला : गाडीत बसा हौसेराव, एसी लावून. ...नाही ना बसत? मग गप्प राहा. बाई, मी उमेदवारांची यादी वाचली. एवढ्या वर्षांत कुठला कागद वाचला नव्हता, सही कुठं करायची तिथं बोट ठेवून दाखवायचे मला. यादीत शेवटी तुमचं नाव. करिमुन्निसा, शिलाई, कामोठे. आणि मला तुम्ही दिसलात. छातीशी फाइल धरून आमच्या दारात.

करिमुन्निसा : आले होते मी. पाच-सहादा.

प्रेमला : सात वेळा. दार मी उघडायचे. आणि मी सांगायचे, साहेब नाहीत. बाई, साहेब आत असायचे. सोफ्यावर, मॅच बघत. आतूनच हात हलवायचे, आणि मी तुमच्या तोंडावर खोटं बोलायचे. लाज वाटते मला. त्यांच्या जागी तुमच्यासमोर उभी राहायची मला हिंमत झाली नाही, म्हणून अर्ज मागं घेतला. बास, एवढंच.

करिमुन्निसा : माहीत होतं मला.

प्रेमला : काय माहीत होतं?

करिमुन्निसा : आत आहेत ते. त्यांची कोल्हापुरी चप्पल बाहेरच असायची. मी माझी तिच्याच बाजूला काढायचे.

प्रेमला : मग एकदाही बोलला नाहीत?

करिमुन्निसा : तुमी बसायला सांगायचात. फ्रिजमधलं पाणी आणून द्यायचात, बशीत ठेवून. पाणी नाही म्हणून आलेली बाई मी. ते पिऊन उठायचं आणि तुम्हाला खोटी म्हणायचं? नाही जमलं.

हौसेराव : ताई, पावनेतीन. आता निघालो तर पोचतोय. सही.

करिमुन्निसा : हे तुमचं पेन. खिशाला लावा.

हौसेराव : म्हंजे?

करिमुन्निसा : म्हणजे नाही करत. वहिनी, तुमी बसा, सरबत करते. हौसेराव, तुमी खाली चाललाच आहात ना? तो जेसीबीवाला ठेकेदार मेडिकलसमोर उभा आहे. त्याला वर पाठवा.

हौसेराव : तो यायचा न्हाई. कुनी बोलावलं म्हनून सांगू?

करिमुन्निसा : सांगा, साहेब घरात आहेत.