पूर्वाताईंचा अंबाडा

तुम्हाला माहितीये, मी पार्लरमध्ये गिऱ्हाइकाशी फारसं बोलत नाही. पण परवाचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. शांती नगरला आमच्याकडे पूर्वाताई आल्या. त्या ट्रान्सजेंडर आहेत. भावाच्या साखरपुड्याला रत्नागिरीला निघाल्या होत्या. बाई म्हणून राहायला लागल्यापासून पहिल्यांदाच घरी.

“केस घट्ट मागे बांध,” त्या म्हणाल्या. “आईने बजावलंय, डोक्यावरचा पदर पडू द्यायचा नाही. लोक हसतील म्हणते.”

घट्ट बांधले की त्यांचा जबडा रुंद दिसत होता. मी घाबरतच विचारलं, “ताई, भांग बाजूला काढू? आणि अंबाडा मानेवर, जरा सैल?”

“काढ. बिघडलं तर पदर आहेच.”

कानांजवळ दोन बटा सोडल्या आणि आरशात पाहिलं. चेहरा तोच होता, पण आता कुठे पूर्ण झाल्यासारखा. माझे हात तसेच हवेत राहिले.

तेवढ्यात त्यांच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. “अरे, निघालास का?” म्हणाल्या आणि काकू थांबल्या. नुसत्या बघत राहिल्या. मला वाटलं, आता येऊच नको म्हणणार.

“मान वळव जरा.”

ताईंनी वळवली.

“अगं, एवढा छान अंबाडा आणि गजरा नाही?”

ताईंनी हळूच अंबाड्याला हात लावून पाहिला. मग काकूंनी मलाच हाक मारली. “ओ भाऊ, ती काही बोलत नाहीये. तुम्हीच तिला एक गजरा आणून द्या. आणि पदर घेऊ नको म्हणावं, फुलं चुरगळतील.”