सही करण्याआधी

वडील गेल्यानंतरचे कागद करायला सुचेता भिवंडीच्या रजिस्ट्रार कचेरीत आली होती. बाकावर तिच्या शेजारी काल्हेरचे एक भाऊ-बहीण बसले होते.

"कमळ, घटस्फोटाच्या कागदावर त्याचा वकील सही मागंल. वाचल्याबिगर करू नको."

"न्हाय करत."

"दागिने तुझे हायेत, एक मनी सोडू नको. आनि पोटगी एकरकमी माग. दर महिन्याला देनारा तो हाय का?"

"मंग राहू कुठं, दादा?"

"आपलं घर हाय ना!"

"वयनी इचारते, पावनीन किती दिवस हाय."

"तिचं काय मनावर घेतेस? आता आत बोलावतील. हक्कसोडावर सही कर. बाबांच्या जमिनीतला तुझा हिस्सा माझ्या नावावर झाला, की गोदामवाल्याशी सौदा मोकला."

"आजच?"

"साऱ्याच बहिनी करतात. ही बघ, तुला साडी पन आनलीय."

"कंच्या रंगाची?"

"हिरवी. तुला आवडते तशी."

सुचेताने मांडीवरची पिशवी बाकाखाली सरकवली. तिच्या भावाने सकाळी दिलेली साडी त्या पिशवीत होती, घडीसुद्धा न मोडलेली.

"केसरीनाथ म्हात्रे!" आतून शिपाई ओरडला.

"माझं नाव आलं. चल, ऊठ."

"आधी वाचून दाखव."

"काय?"

"कागद. आत्ताच शिकवलंस ना?"

"अगं, मी काय तुझा नवरा हाय?"

"न्हाय, दादा. म्हनून तर वकील न्हाय आनला. तूच वाच."