मरणाचे शब्द इओलांदाकाकूंकडे

इओलांदा : मग? घेतला का आत?

फेर्नांदा : नाही घेतला. शाळेच्या दारावरचा माणूस म्हणाला, पेपर सुरू झाला, आता आत चिटोरंसुद्धा जाणार नाही. मी म्हटलं, अहो, चिटोरं कसलं, शब्दकोश आहे लॅटिनचा, परीक्षेला चालतो. तर म्हणाला, बाई, दहा मिनिटांपूर्वी चालत होता.

इओलांदा : त्याला सांगायचं नाही का, चूक पोरीची नाही, माझी आहे म्हणून?

फेर्नांदा : सगळं सांगितलं. तो चढ चढून, धापा टाकत, हा ठोकळा पोटाशी धरून. रडलेसुद्धा, पेपर संपत आला तरी पायरीवरून हलले नाही. तर मला विचारतो कसा, पाणी देऊ का?

इओलांदा : बैस आधी. आणि मला एकदा नीट कळू दे. लॅटिनचा शब्दकोश इथे तुझ्या मांडीवर आहे. मग नोएमीच्या दप्तरात काय आहे?

फेर्नांदा : ग्रीकचा! ग्रीकचा शब्दकोश आहे, काकू! दोन्ही सारखेच जाड, आणि दोन्हींना कव्हरं मीच घातली. निळ्या फुलांचा कागद, एकाच गुंडाळीतला. काल ती म्हणत होती, मावशी, दप्तर मी भरते. मी म्हटलं, तू पड जरा, मी भरते. भरलं! दोन पेनं, पाण्याची बाटली, खायला तिएल्लाचा तुकडा, संत एरास्मोचं चित्र. सगळं आठवणीनं. आणि लॅटिनच्या पेपरला ग्रीकचा ठोकळा.

इओलांदा : म्हणजे संतांनासुद्धा ग्रीक वाचत बसावं लागणार.

फेर्नांदा : हसू नका हो.

इओलांदा : हसत कुठे आहे? डोकं चुरचुरतंय माझं. हा रंग किती वेळ ठेवायचा असतो गं?

फेर्नांदा : अगं बाई! रंग! चला, उठा, बेसिनपाशी चला.

इओलांदा : सकाळी तू पळालीस तेव्हापासून तशीच बसलेय. सत्तरी उलटली, आता कोळशासारखी काळी झाले तर गावात काय सांगू?

फेर्नांदा : मान मागे करा. पाणी गरम आहे का? नाही ना? काकू, काही सुचत नाहीये मला.

इओलांदा : कान धुऊ नकोस, कान माझे स्वच्छ आहेत. आणि एवढं काय झालंय? फार तर वर्ष वाया जाईल. माझा धाकटा दोनदा बसला त्याच वर्गात. आज बंदरावर अधिकारी आहे. टोपी घालून फिरतो.

फेर्नांदा : वर्षाचं काही नाही हो. वर्ष गेलं तर गेलं. सिल्वानानं जूनमध्येच सांगून ठेवलंय. या फेरपरीक्षेतही लॅटिनात उडाली की स्टुटगार्टला घेऊन जाणार.

इओलांदा : तुझ्या बहिणीनं? ती असं म्हणाली?

फेर्नांदा : फोनवर. शब्दच सांगते. 'पोरीनं मेलेल्या भाषेत वर्षं घालवावीत म्हणून मी परक्या मुलखात म्हाताऱ्यांची अंगं पुसत नाही.' आई आहे ती. तिचा हक्क आहे.

इओलांदा : आणि तुझा नाही? पाच वर्षांची होती, दात पडले होते पुढचे, तेव्हा आणून सोडली तुझ्याकडे. या खुर्चीवर उशी ठेवून बसायची. मी बघितलीय.

फेर्नांदा : सांभाळली म्हणून माझी होते का, काकू? दुसऱ्याची वस्तू नीट ठेवली तर आपण चांगले, एवढंच. पण ती गेली ना... मी संध्याकाळी वर घरी जाऊन करू काय? कुणाला विचारू, जेवलीस का?

इओलांदा : रडतेस ते माझ्या तोंडावर पडतंय.

फेर्नांदा : पाणीच आहे ते.

इओलांदा : खारट आहे. बरं, मला एक सांग. जूनमध्ये तिच्याकडे शब्दकोश होता की नाही?

फेर्नांदा : होता.

इओलांदा : हाच?

फेर्नांदा : हाच.

इओलांदा : मग उडाली कशी?

फेर्नांदा : ते काय, प्रत्येक शब्द शोधत बसली. एकेका शब्दाला इथे अर्थांची रांग. पहिला दिसला तो उचलायची आणि ठेवायची. वेळ संपला तेव्हा निम्मा उतारा कोरा, आणि निम्म्यात काय, तर राजानं पाहुण्यांना जेवू घालायच्या ऐवजी पाहुणेच शिजवले होते.

इओलांदा : तसले राजे असतात.

फेर्नांदा : म्हणून तर तिच्या लॅटिनच्या पालुम्बो बाईंनी सांगितलं ना, आधी शब्द तोंडात बसव. महाकाव्यात शब्द अफाट नसतात, तेच तेच फिरून येतात. समुद्र, वारा, तलवार, देव, रडणं, मरणं. आणि घरी एकटी पाठ करायला बसली की पेंगायची, म्हणून मी इथे खाली आणून बसवली.

इओलांदा : आणि आम्हाला कामाला लावलंस. केस कापायला यावं, तर हातात शब्दांचे कागद. कार्मेलाला समुद्र दिलास, कारण तिचा नवरा बोटीवर. औषधवाल्याच्या बायकोला शस्त्रं, कारण तिची जीभ. आणि मला मरण!

फेर्नांदा : तुम्ही रोज सकाळी गावात कोण गेलं त्याचे भिंतीवर लावलेले कागद वाचल्याशिवाय कॉफी घेत नाही, म्हणून.

इओलांदा : माणसानं माहिती ठेवावी. मोर्स, लेतुम, नेक्स, फूनुस, ओबितुस. बघ, माझ्यासुद्धा बसलेत तोंडात. मग पोरीच्या नसतील बसले? तिला त्या ठोकळ्याची गरजच काय?

फेर्नांदा : इथे ड्रायरखाली बसलेल्या बायकांना उत्तरं देणं वेगळं. तिथे पालुम्बो बाई समोर, घड्याळ भिंतीवर, आणि दप्तर उघडलं तर आत ग्रीक. पोरगी तिथेच गळाठली असेल. माझं नाव घेऊन रडली असेल.

(दुकानाचं दार उघडतं. नोएमी आत येते आणि दप्तर खुर्चीवर टाकते.)

नोएमी : इओलांदाकाकू, तुमचे केस असे का दिसताहेत?

इओलांदा : तुझ्या मावशीची कृपा. ये.

फेर्नांदा : नोएमी! बाळा, मला माफ कर. मी आले होते गं दारापर्यंत, त्या मेल्यानं घेतलाच नाही. सगळी चूक माझी. मी आईला सांगते, आत्ता फोन करून सांगते, तुझा काही दोष नाही म्हणून. मी वाटलं तर बाईंच्या पाया पडते. एका मावशीच्या मूर्खपणापायी पोरीला देश सोडायला लावतात का कुणी? आणि कव्हरं! ती कव्हरं मी आजच फाडून...

नोएमी : मावशी.

फेर्नांदा : ...एक लाल, एक पिवळं घालते...

नोएमी : अगं मावशी.

इओलांदा : फेर्नांदा, गप्प बस. बोल गं तू. एका वाक्यात बोल, नाहीतर ही मरेल आणि भिंतीवर कागद लावायचं काम माझ्यावर येईल.

नोएमी : पास झाले.

फेर्नांदा : कशात?

नोएमी : कशात काय? लॅटिनमध्ये. सात मिळाले. आम्ही तीनच जण होतो, म्हणून बाईंनी तिथेच तपासलं, तोंडी घेतली आणि सांगून टाकलं. दुपारी फळ्यावर लावतील.

फेर्नांदा : सात? दहापैकी सात?

नोएमी : वीसपैकी असते तर इतक्या आनंदानं आले असते का?

इओलांदा : अगं, धर हिला! खुर्ची दे. नाही, ती नको, ती फिरते.

फेर्नांदा : काही होत नाहीये मला. बरी आहे मी. देवा रे. सुटले. खरंच सुटले गं. पण कसं? दप्तर उघडलंस तेव्हा?

नोएमी : तेव्हा मेलेच होते. कव्हर तेच, म्हणून शंकाच नाही आली. उतारा समोर आला, मी पहिला शब्द शोधायला पुस्तक उघडलं, आणि आत सगळी वेगळीच अक्षरं. क्षणभर वाटलं, मला वेडबिड लागलं.

फेर्नांदा : अरे देवा.

नोएमी : हात वर केला. बाई आल्या, बघितलं, आणि त्यांचं तोंड असं झालं, की हसावं की ओरडावं कळेना. म्हणाल्या, एकमेकांत पुस्तक फिरवायला मनाई आहे, पण माझ्याबरोबरच्या मत्तेओचं लिहून झालं की त्याचं मी स्वतः तुला आणून देईन. तोवर जेवढं येतं तेवढ्याला सुरुवात कर.

इओलांदा : आणि येत किती होतं?

नोएमी : तेच तर! मला वाटलं, काहीच नाही. पहिली ओळ वाचली. प्रोचेल्ला. म्हटलं, हे वादळ. हा कार्मेलाबाईंचा. पुढे फ्लुक्तुस, लाटा, तोही त्यांचाच. मग पुप्पिस. म्हणजे जहाजाची मागची बाजू, पण कवीला म्हणायचं असतं अख्खं जहाज. हे सांगितल्यावर कार्मेलाबाई किती चिडल्या होत्या, आठवतं? म्हणे, आमच्या ह्यांच्या बोटीला कुणी नुसतं मागचं अंग म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही.

फेर्नांदा : आठवतं.

नोएमी : मला अगदी त्यांचा आवाज ऐकू येत होता. प्रत्येक शब्दाला तुमचा कुणाचा ना कुणाचा आवाज. आणि शोधायला काही नाही म्हटल्यावर पुढे जाण्यावाचून इलाजच नव्हता. वाक्य आपोआप चालायला लागलं. जूनमध्ये मी दर शब्दाला थांबत होते ना, म्हणून शेपटापर्यंत पोचेपर्यंत डोकं विसरायचे.

इओलांदा : ते असू दे. माझे आले का?

नोएमी : लेतुम आला. तीनदा.

इओलांदा : तीनदा! ऐकलंस, फेर्नांदा? औषधवालीची तलवार?

नोएमी : एकदाही नाही. वादळात तलवारीचं काय काम?

इओलांदा : मी आजच तिच्या दुकानात जाते. खोकल्याचं औषध घ्यायचंच आहे. बरं, मेलं कोण?

नोएमी : कुणी मोठा नाही. वल्ही मारणारा एक जण, लाटेनं ओढून नेला. कवीनं नावसुद्धा दिलं नाही. बाकीचे रडतात, आणि वारा पडल्यावर पुन्हा वल्ही हातात घेतात.

इओलांदा : बिचारा. घरच्यांना कळलंही नसेल. भिंतीवर कागद तरी कोण लावणार त्याचा?

नोएमी : कवीनं लावला की, काकू. अजून वाचतोय ना आपण.

इओलांदा : ...हो गं. ते खरं. टॉवेल दे जरा. डोळ्यात पाणी गेलं.

फेर्नांदा : आणि मत्तेओचं पुस्तक?

नोएमी : आलं. अर्धा तास उरला होता. एक शब्द अडला होता, म्हणून उघडलं. ती अर्थांची रांग पुन्हा बघितली. तस्संच मिटून ठेवलं. तो शब्द अंदाजानं लिहिला, चुकला. तेवढाच.

फेर्नांदा : तोंडीत काय विचारलं?

नोएमी : समुद्राला किती शब्द येतात म्हणाल्या. मी सहा सांगितले. मग मरणाला. मी काकूंच्या चालीत सुरू केलं, ते तुम्ही हात आपटत म्हणता ना, तस्संच. बाई म्हणाल्या, पुरे, पुरे, मला भीती वाटते. मग विचारलं, शिकवणी कुणाकडे लावली होतीस? मी म्हटलं, मावशीच्या केशकर्तनालयात. त्यांना वाटलं, मी थट्टा करतेय. सगळं सांगितलं तेव्हा हसून हसून चष्मा काढावा लागला. शनिवारी येणार आहेत इथे.

फेर्नांदा : पालुम्बो बाई? इथे? कशाला?

नोएमी : केस कापायला. आणखी कशाला?

इओलांदा : माझ्या डोक्याकडे बघितलं तर दारातूनच परत जातील.

फेर्नांदा : थांबा, थांबा. आधी सिल्वानाला फोन. तिची कामाची पाळी संपली असेल. तुझ्या तोंडून सांग.

नोएमी : तूच सांग. माझ्याशी बोलताना ती उगाच कडक होते.

फेर्नांदा : लागला. हॅलो? सिल्वाना, मी. अगं, पास झाली! ...सात. सात! ...नाही, सहा नाही, सात. शब्दकोशाशिवाय. ती एक वेगळीच गंमत आहे, नंतर सांगते... हो, समोरच आहे, शहाण्यासारखं तोंड करून उभी... सिल्वाना? ...आहेस ना? ...अगं, रडतेस काय? चांगली बातमी दिली ना मी? ...काय? ...केव्हा? ...ऑगस्टमध्ये? आणि मला हे आज सांगतेस? ...अगं, सबंध महिना माझ्या घशाखाली घास उतरला नाही, आणि तू... हो. ...हो, ते बरोबर आहे, मग तिनं पुस्तक हातात धरलं नसतं, हे खरं. पण मला तरी सांगायचंस! माझ्या चेहऱ्यावर दिसलं असतं? ...दिसलं असतं, हो. ...बरं. ...नाही गं, रागावत नाही. नीट जेव. ...ठेवते. देते तिला नंतर. ठेवते.

नोएमी : काय म्हणाली?

फेर्नांदा : तुला नेणारच नव्हती. पास हो नाहीतर नापास हो.

नोएमी : काय? मग तो सगळा धाक?

फेर्नांदा : जूनमध्ये खरंच नेणार होती. मग ऑगस्टमध्ये चार दिवस आली होती ना, तेव्हा तू इथे कोपऱ्यात बसून शब्द म्हणत होतीस, आणि मी कार्मेलाचे केस कापता कापता तुला ओरडत होते. ती तिथे दारात उभी राहून बघत होती म्हणे. तेव्हाच ठरवलं. फक्त तू अभ्यास सोडशील म्हणून बोलली नाही.

इओलांदा : पक्की आहे तुझी बहीण.

नोएमी : पण का? तिला तर मी हवी होते ना जवळ?

फेर्नांदा : हवी आहेसच. अजून हवी आहेस. म्हणूनच रडत होती.

नोएमी : मग?

फेर्नांदा : म्हणाली, मी एकटी राहायला शिकले, फेर्नांदा. तुला नाही जमणार.

नोएमी : आणि तू काय म्हणालीस?

फेर्नांदा : काय म्हणणार? नीट जेव म्हटलं.