बिनकल्हईचं पातेलं

(पुणतांबा, लढाईच्या दिवसांत. छगनचं तेरावं उरकलंय. चुलीपुढं त्याची आई बनुबाई आणि बायको चांगुणा. चांगुणापुढं हात न लावलेली भाकरी.)

बनुबाई : गोदामाईच्यान सांगते, शब्द न् शब्द खरा! खोटं आसंल तर जीभ झडू दे माझी! ते उरल्यालं कालवन आपल्या मांजरीनं खाल्लं. पातेलं चाटूनपुसून! आन् दुसऱ्या दिशी तिनं पाटलाचं कुत्रं पार नदीपल्याड पळवलं!

चांगुणा : आत्याबाई, नका ना.

बनुबाई : आगं, शेपूट ही आश्शी फुगल्याली! इखारी कालवन खाऊन आसं जमतंय व्हय?

चांगुणा : चिंच घातल्याला मासा. रातभर पितळंच्या पातेल्यात ऱ्हायला. कल्हई पार उडाल्याली. कळकून इखारी झालंच आसनार. आन् सकाळी मीच वाढला त्यास्नी.

बनुबाई : लढाईपायी कथील मिळंना, कल्हईवाला गावाकडं फिरकंना. त्येला तू काय करशील?

चांगुणा : गाडग्यात काढून ठिवायचं हुतं. डोळा लागला माझा.

बनुबाई : सकाळी वास घेतलास का न्हाई?

चांगुणा : घेतला. कडंला हिरवं आलंय का त्येबी बघितलं, दिसलं न्हाई. पन नाक चोंदल्यालं हुतं माझं.

बनुबाई : छगन काय म्हनला? कडू लागलं?

चांगुणा : काय न्हाई म्हनले. आर्धं खाल्लं. "ऱ्हायल्यालं रातच्याला ठिव," म्हनले. दुपारी वकाऱ्या सुरू झाल्या.

बनुबाई : आन् भोईआळीत दोघं गेले, ते काय तुझ्याकडं जेवले हुते? पटकीची साथ हुती ती, पोरी.

चांगुणा : गाव म्हंतंय, चांगुणीनं नवरा खाल्ला.

बनुबाई : गावाच्या तोंडात माती! तू घास घे.

चांगुणा : माझ्या हातचं मलाच गिळत न्हाई.

बनुबाई : मग त्या मांजरीला इचार की!

चांगुणा : कुठल्या मांजरीला? आपली पोळ्याच्या आधीच मेली. तुमीच परसात पुरली.

बनुबाई : (चुलीतलं लाकूड पुढं सारत) तू भाकरी मोड आदी.

चांगुणा : पातेलं रिकामं कसं झालं, आत्याबाई? मी तर सांडलं न्हाई.

बनुबाई : मांजर खोटी. तेवढंच खोटं.

चांगुणा : मग?

बनुबाई : छगनचे हात गार पडाया लागले, तवा मी चुलीपाशी आले. बसले आन् समदं खाल्लं. काट्यासकट. म्हनलं, ह्येच्यात काय आसंल तर मलाबी जाऊ दे लेकासंगं.

चांगुणा : आवो, आत्याबाई…

बनुबाई : साधं पोटबी दुखलं न्हाई गं माझं.